सम्राट अशोक आणि भोगवर्धनचे दायक



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आता भगवान बुद्धांची आणि पूज्य बाबासाहेबांची तसबीर आहे. कोणाकडे महात्मा फुले आहेत, कोणाकडे कबीर, तर कोणाकडे सम्राट अशोक. समजा, घरातल्या दहा वर्षांच्या मुलीने अशोकाच्या तसबिरीकडे बोट दाखवून विचारले, "बाबा, हे कोण? यांनी काय केलं?" तर आपण काय सांगतो? "ते फार मोठे राजे होते, बौद्ध होते," एवढे सांगून आपण गप्प होतो. मुलगीही गप्प होते. पण मोठे होते म्हणजे काय होते, हे तिला कळत नाही. आणि खरे बोलायचे तर आपल्यालाही नीट सांगता येत नाही.

दीक्षा घेतल्यावर आपण जुनी दैवते सोडली. त्या रिकाम्या कोनाड्यात थोर माणसांना नुसते बसवले, हळदकुंकू लावले, नारळ फोडला, तर कोनाडा तोच राहिला आणि फक्त मूर्ती बदलली असे होईल. थोर माणसाचे चरित्र वाचायचे असते, तपासायचे असते आणि त्यातले जे आपल्या घरात चालवता येईल ते चालवायचे असते. यालाच वारसा घेणे म्हणतात.

आजच्या पाठासाठी आपण सम्राट अशोकाचे चरित्र घेऊ. त्याच्या शेजारी आपल्या भोकरदनची काही माणसे ठेवू. ती राजे नव्हती आणि त्यांचे चरित्रही कोणी लिहिले नाही. तरीपण त्या सम्राटाचा आणि या साध्या माणसांचा असा काही संबंध आहे की, तो समजला म्हणजे थोर माणसाचा वारसा कशाने टिकतो आणि कशाने बुडतो हे आपल्या ध्यानात येईल.

१. अशोकाने स्वतःविषयी काय सांगितले?

अशोकाविषयी दंतकथा फार आहेत. त्याने नव्व्याण्णव भाऊ मारले, चौऱ्याऐंशी हजार स्तूप बांधले, अशा गोष्टी आपण ऐकतो. या गोष्टी त्याच्यानंतर शेकडो वर्षांनी लिहिलेल्या ग्रंथांतून आल्या आहेत. त्या ऐकाव्यात, पण पुरावा म्हणून धरू नयेत. सुदैवाने अशोकाने आपले बोलणे स्वतःच खडकांवर आणि दगडी स्तंभांवर कोरून ठेवले आहे. त्याला आपण शिलालेख आणि स्तंभलेख म्हणतो. मुंबईजवळच्या सोपाऱ्यालाही त्याच्या लेखांचे तुकडे सापडले आहेत. हे बहुतेक लेख त्या काळच्या लोकांच्या बोलीत, म्हणजे प्राकृतात आहेत. राजा बोलत होता तो सामान्य माणसाला कळावे म्हणून.

मौर्य घराण्यातील हा तिसरा राजा इ. स. पूर्व २६८ च्या सुमारास गादीवर आला. पाटलिपुत्र ही त्याची राजधानी. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर त्याने कलिंग देशावर, म्हणजे आजच्या ओडिशाच्या भागावर, स्वारी केली आणि तो जिंकला. त्या युद्धाचा हिशेब त्याने आपल्या तेराव्या शिलालेखात स्वतः दिला आहे. दीड लाख माणसे धरून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याहून कितीतरी पट माणसे नंतर मेली, असे तो सांगतो. पुढे तो म्हणतो की, या गोष्टीचा आपल्याला पश्चात्ताप होतो आहे. जिंकलेला राजा आपल्या विजयाबद्दल दुःख व्यक्त करतो आणि ते दगडावर कोरून सगळ्यांना वाचायला लावतो, असे दुसरे उदाहरण जगाच्या इतिहासात शोधून सापडणे कठीण आहे.

यानंतरची एक गोष्ट नवदीक्षित कुटुंबांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. मस्की, रूपनाथ वगैरे ठिकाणी अशोकाचे लहान शिलालेख आहेत. त्यांत तो सांगतो की, मी उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ झाला. परंतु सुरुवातीला मी फारसा प्रयत्न केला नाही. पुढे संघाच्या सहवासात गेलो आणि मग वर्षभराहून अधिक काळ मी नेटाने प्रयत्न केला. त्याच लेखात तो असेही सांगतो की, या प्रयत्नाचे फळ फक्त मोठ्यांनाच मिळते असे नाही; लहान माणूसही प्रयत्न करील तर त्याला ते मिळते.

बंधूंनो, यातला अर्थ पाहा. दीक्षेच्या दिवशीच माणूस पुरता बदलतो असे अशोकाच्या बाबतीतही घडले नाही. दीक्षा म्हणजे सुरुवात. आपल्या घरात दीक्षेनंतरही कोणी लपून नवस फेडत असेल, कोणी पंचशील म्हणून झाल्यावर दारू पीत असेल, तर त्याला टोमणे मारून घराबाहेर काढू नका. त्याला हा लेख वाचून दाखवा. पण त्याचबरोबर हेही सांगा की, अशोक तिथे थांबला नाही. पुढच्या काळात तो कामाला लागला.

हे काम कोणते? रस्त्याच्या कडेला वडाची झाडे लावणे, विहिरी खोदणे, माणसांच्या आणि जनावरांच्या औषधोपचाराची सोय करणे, औषधी वनस्पती जिथे नसतील तिथे आणून लावणे. राजवाड्याच्या स्वयंपाकघरासाठी होणारी प्राण्यांची कत्तल त्याने जवळजवळ बंद केली. आपल्या पंथाची बढाई मारून दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा आपल्याच पंथाचे नुकसान करतो, असे त्याने बाराव्या शिलालेखात बजावले. दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे हाही धम्मच आहे, असे त्याने सांगितले.

२. तपासून घेणे म्हणजे काय?

चरित्र वाचताना गुणांबरोबर मर्यादाही पाहाव्या लागतात. अशोकाला कलिंगाबद्दल पश्चात्ताप झाला. पण धरून नेलेल्या दीड लाख माणसांना परत पाठवल्याचे त्याच्या लेखांत नाही. जिंकलेला कलिंगही त्याने सोडून दिला नाही. रानावनात राहणाऱ्या जमातींना तो त्याच तेराव्या लेखात समजावतो आणि आपल्या अंगात अजून बळ आहे याची जाणीवही करून देतो. फाशीची शिक्षा त्याने रद्द केली नाही. मरणाची शिक्षा झालेल्याला तीन दिवसांची मुदत मात्र दिली.

हे सांगितल्याने अशोक लहान होत नाही. तो माणूस होता, देव नव्हता, एवढेच सिद्ध होते. आणि तो माणूस होता म्हणूनच त्याच्यापासून शिकता येते. पूज्य बाबासाहेबांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावर व्याख्यान दिले. त्यात त्यांनी विभूतिपूजेचा कडक समाचार घेतला. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात त्यांनी इशारा दिला की, राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा मार्ग आहे. बाबासाहेबांचे अनुयायी म्हणवून घ्यायचे असेल, तर बाबासाहेबांचे चरित्रसुद्धा आपण या कसोटीने, म्हणजे डोळे उघडे ठेवून वाचले पाहिजे.

३. स्तंभ उभे राहिले, अक्षर हरवले

आता गोष्टीचा दुसरा भाग. अशोकाने दगडावर कोरले ते टिकावे म्हणून. दगड टिकले. पण अशोकाचे काय झाले?

ज्या लिपीत त्याने बहुतेक लेख कोरले ती ब्राह्मी लिपी. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या तशी लिपी बदलत गेली. आपली आजची देवनागरी तिच्यापासूनच निघाली, पण नातीला पणजीचा चेहरा ओळखू येऊ नये तसे झाले. हळूहळू देशाच्या बहुतेक भागांतून भिक्खुसंघ नाहीसा झाला. विहार ओस पडले. वाचणारे उरले नाहीत. चौदाव्या शतकात दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक याने अशोकाचे दोन स्तंभ मोठ्या कष्टाने दिल्लीला आणून उभे केले. त्याने पंडित बोलावले. एकालाही त्यावरचे अक्षर लागले नाही. ठिकठिकाणचे लोक या स्तंभांना महाभारतातल्या भीमाची काठी समजत असत.

विचार करा. चाळीस-चाळीस फूट उंचीचे, आरशासारखे चकचकीत स्तंभ भर उजेडात उभे आहेत. त्यांवर माणसाला माणसाशी कसे वागावे हे लिहिलेले आहे. लोक त्यांच्या शेजारून जातात आणि म्हणतात, ही भीमाची काठी! थोर माणसाचा वारसा कसा बुडतो, त्याचे हे उदाहरण आहे. त्याचा स्तंभ कोणी पाडला म्हणून तो बुडाला असे नाही. स्तंभ उभाच होता. त्यावरचे वाचणारे संपले, म्हणून तो बुडाला.

आज गावोगावी बाबासाहेबांचे पुतळे उभे आहेत. ते उभारताना आपल्या लोकांनी मार खाल्ला आहे, हे मी विसरत नाही. तेव्हा पुतळ्याला कोणी कमी लेखू नये. पण पुतळ्याखालच्या माणसाने काय लिहिले, हे ज्या वस्तीत कोणी वाचत नाही, तिथे त्या पुतळ्याची भीमाची काठी व्हायला किती पिढ्या लागतील? माझ्या हिशेबाने दोन पुरेत.

४. 'दानं' : दोन अक्षरांची किल्ली

अशोकाचे अक्षर पुन्हा कोणी वाचले? हे काम जेम्स प्रिन्सेप नावाच्या इंग्रज गृहस्थाच्या हातून पुरे झाले. हा कलकत्त्याच्या टांकसाळीत अधिकारी होता. नाणी पारखणे हे त्याचे कामच. ब्राह्मीतली काही अक्षरे जुन्या नाण्यांवरून आधी ताडली गेली होती, पण लेख उलगडत नव्हते. १८३७ साली त्याच्याकडे सांचीच्या स्तूपावरच्या लेखांचे ठसे आले. सांची म्हणजे मध्य प्रदेशात विदिशेजवळची टेकडी. तिथल्या मोठ्या स्तूपाभोवती दगडी कठडा आहे. कठड्याच्या खांबांवर आणि आडव्या दगडांवर छोटे छोटे लेख कोरलेले आहेत, एका-एका ओळीचे.

प्रिन्सेपच्या लक्षात आले की, यांतले बहुतेक लेख शेवटी त्याच दोन अक्षरांनी संपतात. त्याने विचार केला : पवित्र जागी वेगवेगळ्या दगडांवर वेगवेगळी नावे आणि शेवटी एकच शब्द, हा शब्द कोणता असणार? देणगी दिल्याचा शब्द असणार. म्हणजे 'दानं'. आणि त्याच्या आधी पुन्हा पुन्हा येणारे अक्षर 'स' असणार, म्हणजे मराठीत 'अमक्याचे' म्हणताना आपण 'चे' लावतो तसा प्रत्यय. अमक्याचे दान, तमकीचे दान. कुलूप उघडले. थोड्याच काळात सारी ब्राह्मी वाचता येऊ लागली आणि खडक-स्तंभ बोलू लागले.

ते बोलू लागले तेव्हा त्यांत 'देवांचा प्रिय प्रियदर्शी राजा' असे नाव निघाले. हा कोण, हे प्रथम कळेना. श्रीलंकेत जॉर्ज टर्नर नावाचा अधिकारी पाली ग्रंथांचा अभ्यास करीत होता. तिथल्या भिक्खूंनी शतकानुशतके जतन केलेल्या ग्रंथांतून त्याने दाखवले की, प्रियदर्शी म्हणजे अशोक. पुढे १९१५ साली मस्की येथे सापडलेल्या लेखात 'अशोक' हे नावच मिळाले आणि शंकेला जागा उरली नाही. मस्की आज कर्नाटकात आहे. पण तेव्हा ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आपल्या भोकरदनसारखेच.

प्रिन्सेप स्वतः १८४० साली, चाळिशीतच वारला. आपल्याच लोकांनी विसरलेला माणूस एका परक्याने चिकाटीने वाचला, याचे ऋण मोकळ्या मनाने मान्य करावे.

मात्र मुद्दा पुढचा आहे. सम्राटाचे लांबलचक लेख ज्या किल्लीने उघडले, ती किल्ली सम्राटाची नव्हती. ती होती सांचीच्या कठड्यावर एकेक दगड देणाऱ्या साध्या माणसांची. ही माणसे कोण होती?

५. भोगवर्धनचे दायक

सांचीवर असे शेकडो लेख आहेत. त्यांत देणाऱ्याचे नाव आणि पुष्कळदा त्याचा गाव दिलेला असतो. देणाऱ्याला आपण धम्माच्या भाषेत दायक म्हणतो. उज्जयिनी, विदिशा, महिष्मती ही मोठी गावे त्यांत आहेत. आणि त्यांतच एक गाव आहे, भोगवढन. सांचीवर आहे, तसेच मध्य प्रदेशातल्याच भरहुतच्या स्तूपावरही आहे. हे भोगवढन म्हणजे भोगवर्धन, आणि भोगवर्धन म्हणजे केळना नदीकाठचे आपले भोकरदन, असे अभ्यासक मानतात.

आजचे भोकरदन म्हणजे जालना जिल्ह्यातले एक तालुक्याचे ठिकाण. आठवड्याचा बाजार, तहसील कचेरी, बसस्टँड. आमच्या मुलांना वाटते की इतिहास म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी गावाची गोष्ट. पण १९७३ साली नागपूर विद्यापीठाने आणि मराठवाडा विद्यापीठाने मिळून येथे उत्खनन केले. सातवाहन काळातली भरभराटीची वस्ती जमिनीतून वर आली. मणी, शंखाच्या वस्तू, नाणी, हस्तिदंती काम. पैठणहून, म्हणजे जुन्या प्रतिष्ठानहून, उज्जयिनीकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवर हे गाव होते. येथे मिळालेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी फार जुळते. पाँपेई तर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथली मूर्ती याच भागातून गेली असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावरचे काही कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले, असे तिथल्या लेखातच म्हटले आहे. हाताने काम करणाऱ्यांचे नाव स्तूपावर मानाने कोरले जात होते, हे त्यावरून दिसते.

सरळ रेषेत मोजले तरी भोकरदनहून सांची चारशे किलोमीटर. ना मोटार, ना आगगाडी. मध्ये अजिंठ्याचा डोंगर, तापी आणि नर्मदा. अशा वाटेने आपल्या या गावातली माणसे तिथे पोचली, किंवा त्यांनी आपले दान पोचवले, आणि दगडावर लिहून ठेवले की हे आमचे दान आहे. नाव, गाव, दान. बस. पदवी नाही, स्तुती नाही.

सांचीच्या दायकांत व्यापारी आहेत, लेखनिक आहेत, विणकर आहेत. भिक्खू आहेत. आणि स्त्रियांची संख्या मोठी आहे : भिक्खुणी आहेत, उपासिका आहेत. कोणी स्वतःच्या नावाने देते, कोणी अमक्याची आई म्हणून देते. ज्या देशात पुढे मनुस्मृतीने स्त्रीला आणि शूद्राला धनाचा हक्क नाकारला, त्या देशात ही बाई आपले दान आपल्या नावाने कोरून गेली.

अशीच नावे आपल्या जवळपासच्या लेण्यांतही आहेत. कन्नडजवळ पितळखोऱ्याला पैठणच्या गंधी घराण्यातल्या मितदेवाने खांब दिला आणि मगिल नावाच्या राजवैद्याने दान दिले, असे तिथल्या लेखांत आहे. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याचा दर्शनी भाग कटहादी नावाच्या गृहस्थाने दिला. एकट्या राजाने हे डोंगर कोरले नाहीत. खांब एकाचा, भिंत दुसऱ्याची, दरवाजा तिसऱ्याचा, असे ते उभे राहिले.

६. "तुम्ही कालचे बौद्ध" या टोमण्याला उत्तर

दीक्षा घेतलेल्या कुटुंबाला गावात हा टोमणा हमखास ऐकावा लागतो. "कालपर्यंत आमच्यातच होता, आज बौद्ध झाला!" आमच्या पोरांना राग येतो. रागाच्या भरात कोणी म्हणतो, "आम्ही मूळचेच बौद्ध, सांचीचे दायक आमचेच पूर्वज."

मी इतिहास शिकवतो, म्हणून येथे थोडे थांबवतो. भोगवर्धनच्या त्या दायकांच्या रक्ताचे आपण आहोत की नाही, हे सांगणारा पुरावा कोणाजवळ नाही. तो नसला तरी आपले काही बिघडत नाही. रक्ताने मोठेपण येते ही तर जातीची शिकवण. तीच सोडून आपण बाहेर पडलो. धम्मात वारसा रक्ताने मिळत नाही, तो आचरणाने मिळतो. जो शील पाळतो, जो देतो, जो वाचतो, तो त्या दायकांचा वारस, मग त्याने काल दीक्षा घेतलेली असो की त्याच्या आजोबाने १९५६ साली.

म्हणून टोमण्याला उत्तर द्यायचे ते शांतपणे द्या : "होय, आम्ही कालच दीक्षा घेतली. अशोकानेही एके दिवशीच घेतली होती. पण ज्या धम्मात आम्ही आलो, तो या गावाला परका नाही. दोन हजार वर्षांपूर्वी या गावचे लोक सांचीला दान देऊन आले आहेत. चला, दाखवतो."

७. बाबासाहेबांनी हा वारसा कसा घेतला?

बाबासाहेबांनी अशोकाची तसबीर लावून काम संपवले नाही. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला. त्यावर अशोकाच्या सारनाथ येथील स्तंभावरचे चक्र आले. ध्वजासाठी नेमलेल्या समितीत बाबासाहेब होते. २६ जानेवारी १९५० पासून त्याच स्तंभाचे सिंहशीर्ष भारताची राजमुद्रा झाले. ते आज प्रत्येक नोटेवर आहे. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेताना बाबासाहेबांनी दिवस निवडला अशोक विजयादशमीचा. विसरलेल्या माणसाला त्यांनी पुन्हा देशाच्या आणि आपल्या जीवनात आणले.

आणि मराठवाड्यासाठी त्यांनी काय ठेवले? निजामाच्या राजवटीत आपला हा भाग शिक्षणात फार मागे राहिला होता. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले आणि १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू केले. त्याला नाव दिले मिलिंद, परिसराला नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा, इतिहासातला मिनँडर. नागसेन हा भिक्खू. मिलिंदाने प्रश्नांवर प्रश्न विचारले, नागसेनाने उत्तरे दिली. मिलिंदाचे समाधान झाले तेव्हा त्याने धम्म मानला, असे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे. विद्यार्थ्याला राजाचे नाव देण्यात बाबासाहेबांचा हेतू हाच दिसतो की, आमच्या मुलाने प्रश्न विचारावा. पटल्याशिवाय मानू नये.

माझ्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. आजोबांचा अंगठा होता, वडील सही करण्यापुरते शिकले. कॉलेजच्या पहिल्या वर्षाची माझी पुस्तके वस्तीतल्या लोकांनी वर्गणी करून घेतली. कोणी दहा रुपये दिले, एका आजीने कापूस वेचणीची एका दिवसाची मजुरी दिली. त्या वर्गणीची यादी एका वहीच्या पानावर होती. ते पान आज माझ्याजवळ आहे. सांचीच्या कठड्याविषयी मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते पान आठवले. नाव, आणि त्यापुढे दान.

८. मग आपण काय करावे?

पहिली गोष्ट, वाचन. अशोकाने कलिंगातल्या आपल्या अधिकाऱ्यांना आज्ञा केली होती की, हे लेख ठरलेल्या दिवशी लोकांना वाचून दाखवा. आणि प्रसंग पडल्यास एकच माणूस ऐकायला असला तरी वाचा. हा नियम आपण घरात लावू. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवावी. दिवा लागल्यावर अर्धा तास 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातली दोन पाने कोणीतरी मोठ्याने वाचावीत. ज्या घरात आईला वाचता येत नाही, तिथे मुलीने वाचावे आणि आईने प्रश्न विचारावा. ऐकणारा एकच असला तरी चालेल.

दुसरी गोष्ट, दान. जयंतीला वर्गणी जमते. मिरवणूक निघावी, आनंद व्हावा, त्याला माझा विरोध नाही. पण जमलेल्या रकमेचा एक ठरावीक भाग आधी बाजूला काढा आणि तो वस्तीतल्या मुलामुलींच्या फीला, पुस्तकांना, विहारातल्या कपाटभर ग्रंथांना लावा. उरलेल्या पैशात मिरवणूक करा. कर्ज काढून लग्न आणि कर्ज काढून मिरवणूक यांनी बाबासाहेबांचा सन्मान होत नाही, सावकाराचा होतो.

तिसरी गोष्ट, नोंद. विहाराच्या भिंतीवर देणाऱ्यांची यादी लावा. दहा रुपये देणाऱ्याचे नाव हजार देणाऱ्याच्या नावाएवढ्याच अक्षरांत लिहा. आणि बाईने दिले असेल तर तिचेच नाव लिहा; नवऱ्याच्या नावाखाली ते बुडवू नका. आपण दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या मागे पडायचे नाही.

आपल्यातला प्रत्येक जण अशोक किंवा आंबेडकर होणार नाही. होण्याची गरजही नाही. पण एकेक दगड देणारे नसते, तर सांचीचा तो कठडा उभा राहिला नसता. आणि त्यांनी 'दानं' असे लिहिले नसते, तर अशोकाचे लेख उघडायला आणखी किती काळ लागला असता कोण जाणे. भोगवर्धनच्या त्या माणसांना आपण एका सम्राटाची किल्ली सांभाळतो आहोत हे ठाऊक नव्हते. त्यांनी आपले काम केले. आपण आपले करू.

जय भीम.

घरात चर्चेसाठी प्रश्न

१. दीक्षेनंतर सुरुवातीच्या काळाबद्दल अशोक काय सांगतो? आपल्या घरात तसे काय घडते?

२. अशोकाची कोणती गोष्ट तुम्हाला पटत नाही? का?

३. स्तंभ उभे असूनही अशोक कसा विसरला गेला?

४. 'दानं' या शब्दावरून ब्राह्मी लिपी कशी वाचता आली, ते लहान भावंडाला आपल्या शब्दांत सांगा.

५. आपल्या वस्तीत यंदाच्या वर्गणीतून कोणाचे शिक्षण पुढे नेता येईल?